रेषा आपली, हक्कही आपला



आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली इथल्याच शिरढोणचा. उद्या एखाद्या पनवेलकर तरुणाने स्वतंत्रपणे त्यांची चित्रकथा काढायचे ठरवले, तर त्यासाठी काय हवे?

आधी अभ्यास हवा. १८७९ च्या बंडातील पोशाख, शस्त्रे चुकली, तर इतिहासच चुकतो. मग पेन्सिलीचे रेखाटन, त्यातच संवादांच्या फुग्यांची जागा, नंतर शाई आणि शेवटी रंग. छपाई निळी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांत होते. संगणकाच्या पडद्यावरील झळाळी कागदावर तशीच उतरत नाही.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्यातील 'कृष्ण' राम वाईरकरांनी चितारला. प्रताप मुळीकांनीही अनेक अंक सजवले. मराठी हातांची ही पुण्याई मोठी आहे.

तरीही "यावर पोट भरेल का?" हा घरच्यांचा प्रश्न रास्तच आहे. म्हणूनच कायदा जाणावा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या चित्रांचा पहिला मालक चित्रकारच. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या चित्रांची मालकी मात्र, करारात स्पष्ट न लिहिल्यास, हातची जाऊ शकते. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षे मानली जाते.

साधनेला व्यवहाराची जोड नसेल, तर कलावंत कला सोडतो. तेव्हा पालकांनो, मुलाला रंगपेटी जरूर द्या. आणि करारपत्र वाचल्यावाचून सही न करण्याची सवयही लावा.