चौकोन कुठं आखायचा?

श्रोतेहो, 'मुंगीला शिरायला जागा नव्हती' असं आपण सहज म्हणतो. गर्दी मोजणाऱ्याला मात्र आकडा लागतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, म्हणजे साधारण सव्वातीन फुटांचा चौकोन धरायचा आणि आतली माणसं मोजायची. एक-दोन असतील तर चालता येतं. चार झाली की पाऊल आखडतं. सहा-सात झाली की चालणं आपल्या हाती उरत नाही. कुणीही न ढकलता गर्दीत लाटा उठतात.

खरी गोम आहे ती चौकोन कुठं आखायचा, यात. अरुंद वाटेत शिरल्यावर माणसं जरा सुटी होतात. दाटी होते ती वाटेच्या तोंडाशी. अख्ख्या पुलाची सरासरी काढलीत तर आकडा अगदी निरुपद्रवी दिसेल. म्हणून संशोधक वर कॅमेरा लावून प्रत्येक डोक्याच्या वाट्याला आलेली जागा वेगळी मोजतात.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवते ना? एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणारा पूल. पाऊस आला, लोक आडोशाला जिन्यावरच थांबले आणि गाड्या माणसं उतरवतच राहिल्या. २३ जण गेले.

हिशेब साधा आहे. ब्रिटनमध्ये मैदानांसाठी धरतात, की जिन्याच्या मीटरभर रुंदीतून मिनिटाला फार तर ६६ माणसं जातील. समजा, जिना तीन मीटरचा आणि गाडीतून उतरले हजार, तर पाच मिनिटं हवीत. ऐन गर्दीच्या वेळी आपली पुढची लोकल तीन-चार मिनिटांत येते!

अर्थात परदेशी आकडे इथं जसेच्या तसे चालत नाहीत. भारतातल्या आणि जर्मनीतल्या लोकांना एका रांगेत चालवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आपली माणसं अधिक खेटून चालतात आणि दाटी वाढली तरी त्यांचा वेग तेवढा मंदावत नाही, असं त्यात दिसलं. याचा अभिमान बाळगावा की धास्ती घ्यावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी हल्ली गाडीतून उतरलो की जिन्याच्या तोंडाशी नजरेनंच तो चौकोन आखतो. चारापेक्षा जास्त डोकी दिसली, की बाकावर बसून घेतो. कचेरीत उशिराची खूण होते. होऊ दे.