हात दुबळे, स्वभाव वेगळा

घरातलं दुखणाईत माणूस सांभाळणाऱ्या आम्ही काहीजणी आज एका अवघड आजाराबद्दल बोलणार आहोत. तो घरात शिरतो मात्र साध्या गोष्टींतून. शर्टाची बटणं लावता येईनाशी होतात, चप्पल पायातून निसटते, जीभ जड होते. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी झिजतात, तो हा मोटर न्यूरॉन डिसीज. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना तो होता आणि त्यांची बुद्धी तल्लख राहिली. म्हणून हा आजार डोक्याला शिवत नाही असं पुष्कळांना वाटतं. पण शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांना याच्या जोडीने स्मृतिभ्रंशही होतो.

तो पटकन ओळखू येत नाही, कारण सुरुवातीला विसरणं फारसं नसतंच. नातवंडांची नावं, जुने हिशोब, सगळं आठवतं. बदलतो तो स्वभाव. मवाळ माणूस पाहुण्यांसमोर वाटेल ते बोलतो, बायको तापाने फणफणली तरी विचारत नाही, सारखं गोड मागतो. घरचे म्हणतात, म्हातारपणी हट्टी झाले. आणि खापर फुटतं सुनेच्या नाहीतर बायकोच्या माथी!

सगळ्यात जपायचं ते जेवताना. गिळायचे स्नायू दुबळे, आणि भान नसल्याने घास कोंबायची घाई. अन्न श्वासनलिकेत जातं, जीव घाबरा होतो. अशा वेळी भरलं ताट पुढ्यात ठेवूच नये. माणसाला ताठ बसवायचं, वाटीत थोडी मऊ, दाटसर खिचडी, लहान चमचा; एक घास गिळला की मगच दुसरा. फरसाण, शेंगदाणे, चुरमुरे नजरेआड. पाण्यानेही ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आता तिसरी गोष्ट. शरीराची संरक्षक फौज कधी शरीरावरच उलटते. आमवात, ल्युपस, थायरॉइडचे काही विकार हे असे ऑटोइम्यून आजार, आणि ते आपल्या बायकांत जास्त. अमेरिकेतल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात, या स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत असे आजार अधिक दिसले. म्हणजे आमवात असलेल्या प्रत्येकीने धास्ती घ्यावी असं मुळीच नाही. पण अशी फौज मेंदूवर उलटली तरीही माणूस भ्रमिष्टासारखं वागतं, आणि त्यावर बऱ्याचदा उपचार होतो. मोटर न्यूरॉनचा आजार आज पुरता बरा होत नाही, म्हणून तर बरं होण्यासारखं काही सुटायला नको. रक्ताची, गरज पडल्यास पाठीतल्या पाण्याची तपासणी टाळू नका.

डॉक्टरांसमोर दहा मिनिटं रुग्ण छान बोलतो, “मला काही झालं नाही” म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला ते उमगतच नसतं. म्हणून आत आपणही जायचं. हाताचं दुखणं एका डॉक्टरांना, स्वभावाचं दुसऱ्यांना आणि जुना आमवात कोणालाच नाही, असं होऊ देऊ नका. वहीत तारखांसकट लिहून न्या. आणि पेन्शनचं खातं, घराची कागदपत्रं, पुढे नळीने अन्न द्यायचं की नाही, हे सगळं त्यांना समजतंय आणि सही करता येतेय तोवर त्यांच्याशीच बोलून घ्या.