अखंड भजनातील पाळी



वास्कोचा श्री दामोदर भजनी सप्ताह गोव्यात सर्वांस परिचित आहे. परंतु त्याचा उगम प्लेगच्या साथीत झाला, हे नव्या पिढीतील थोड्यांनाच ठाऊक असते. १८९६ साली मुंबईत प्लेग प्रकटला. परंपरा सांगते की, ते शतक संपण्यापूर्वी त्याने वास्कोसही गाठले. तेव्हाचे वास्को म्हणजे १८८० च्या दशकातील बंदर व लोहमार्ग यांच्यामागोमाग वाढलेली वस्ती. माणसे ठिकठिकाणांहून आलेली, प्रत्येकाचे कुलदैवत दूर कोठेतरी. अशा ठिकाणी मरण शिरले, तर शेजाऱ्याची कडी कोणी वाजवावी?

वस्तीतील लोक जांबावलीस श्री दामोदरास शरण गेले. तेथील प्रसादाचा नारळ आणून त्यापुढे त्यांनी अखंड भजन मांडले. हा देवही मूळचा मडगावचा. सोळाव्या शतकात फिरंग्यांच्या छळामुळे कुशावतीतीरी नेलेला. घर सोडून आलेल्यांनी त्यालाच साकडे घालावे, यात औचित्य होते.

नाव सप्ताहाचे, भजन मात्र एका अहोरात्रीचे. पुढचे दिवस फेरीचे. श्रावण शुद्ध षष्ठीस आरंभलेले भजन दुसऱ्या दिवशी गोपाळकाल्यापर्यंत खंडत नाही. व्यवसायवार पार वाजतगाजत येतात, गतवर्षीचा नारळ समुद्रात विसर्जित होतो.

पण या साऱ्याचा कणा आहे तो पाळी. अखंड भजन एकट्याच्याने होत नाही. उत्तररात्री ज्याची पाळी, त्याला उठावेच लागते. तो आल्यावाचून आधीच्याला टाळ खाली ठेवता येत नाही. आणि जो आला नाही, त्याच्या दारी कोणीतरी जातेच : ताप तर आला नाही ना? साथीच्या दिवसांत या एका प्रश्नाचे मोल केवढे असेल!

२०२० साली कोरोनामुळे फेरी भरली नाही. मोजक्या गायकांनी नेम सांभाळला. साथीतून जन्मलेल्या उत्सवाने साथीतच गर्दी टाळली, हे योग्यच झाले. त्या वर्षी घरी राहणे हीच शेजाऱ्याची काळजी होती.

आता साथ नाही, तरी पुष्कळ देवस्थानांत पाळी ओस पडते. मुले मुंबईस, आखातात, पोर्तुगालात. रक्कम वेळेवर येते आणि भाडोत्री भजनी मंडळ प्रहर भरून काढते. सूर बहुधा अधिक चांगला लागतो, हेही खरे. परंतु त्या मंडळाला न आलेल्याचे घर ठाऊक नसते. तेव्हा ज्या कुटुंबास येणे अशक्य, त्याच्या प्रहरास शेजारच्या महाजन कुटुंबाने बसावे, आणि वर्गणीच्या पावतीबरोबर त्या घरचे क्षेमकुशलही विचारून घ्यावे, असा पायंडा येत्या श्रावणापासून पाडता येईल.