डोव्हरची धाकटी गादी



इंग्लंडातील बिशपच्या मुतालिकाशी आपल्याला काय कर्तव्य, असे कुणी म्हणेल. पण गादी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्या ओळखीचाच आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये अशा दुय्यम बिशपला ‘सफ्रगन’ म्हणतात. मुख्य बिशप सोपवील तेवढाच त्याचा अधिकार.

पूर्वी अशा सहायकांना पोप दूरदेशीच्या, ख्रिस्ती सत्तेबाहेर गेलेल्या नगरांच्या नावाने पदवी देई. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडला, तेव्हा पदव्याही घरच्याच हव्या झाल्या. १५३४ च्या कायद्यात २६ स्थळांची नावे घातली गेली. बिशपने दोन नावे सुचवावीत, राजाने एक निवडावे, असे ठरले. पद धर्माचे, पण नाडी राजाच्या हाती!

त्या २६ स्थळांत डोव्हर होते. १५३७ साली तेथे पहिला बिशप झाला रिचर्ड इंगवर्थ. तो स्वतः डोमिनिकन भिक्षू. पण पुढच्याच वर्षी राजाच्या आज्ञेने भिक्षूंचे मठ बंद करीत तो गावोगाव हिंडला. उसना अधिकार माणसाकडून काय काय करवून घेतो, ते येथे दिसते.

१५९७ साली रिचर्ड रॉजर्स वारला आणि ही गादी २७३ वर्षे रिकामी राहिली. कायदा मात्र जिवंत होता. १८६९ साली कँटरबरीचे आर्चबिशप टेट यांना पक्षाघाताचा झटका आला. काम तर डोंगराएवढे. तेव्हा त्या जुन्या कायद्यावरची धूळ झटकली गेली आणि १८७० साली एडवर्ड पॅरी डोव्हरचे बिशप झाले. १८८८ च्या कायद्याने नव्या गावांनाही अशी पदे देण्याची मुभा मिळाली.

आर्चबिशपांवर साऱ्या अँग्लिकन जगाची जबाबदारी. त्यामुळे कँटरबरी क्षेत्राचा रोजचा कारभार पुढे डोव्हरच्या बिशपांकडेच आला. २०१९ साली जमैकात जन्मलेल्या रोझ हडसन-विल्किन या पदावर आल्या. इंग्लंडच्या चर्चमधील त्या पहिल्या कृष्णवर्णी स्त्री-बिशप. त्या चर्चच्या पहिल्या स्त्री-बिशप लिबी लेन याही २०१५ साली स्टॉकपोर्टच्या सफ्रगनच झाल्या होत्या. आधी धाकटे दार उघडले. त्याच वर्षी ग्लॉस्टरच्या थोरल्या गादीवरही स्त्री आली.

श्रोतेहो, कचेरीत, संस्थेत, घरात आपणही कुणाच्या तरी नावाने कारभार पाहतच असतो. हुकूम वरचा होता, असे इंगवर्थला म्हणता आले असते. पण मठ मिटल्याचा इतिहास सांगताना नाव त्याचेही घ्यावेच लागते. अधिकार उसना असला, तरी त्याचा जमाखर्च आपल्याच नावावर मांडला जातो.