मूळव्याध आणि आहारातील चोथा



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मूळव्याधीचे नाव काढणे काहींना औचित्यभंग वाटेल. परंतु या संकोचापायीच आपल्या घरांतून, विशेषतः स्त्रियांकडून, हे दुखणे वर्षानुवर्षे लपविले जाते आणि रक्त जात राहून रक्तक्षय जडतो. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

मळ घट्ट झाला की कुंथावे लागते आणि कुंथण्याने गुदद्वाराच्या शिरा फुगतात. चोथा पाणी धरून ठेवतो व मळ मऊ राखतो. २००५ साली सात चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चोथा घेणाऱ्यांत रक्तस्रावाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे त्यात आढळले. वेदना आणि बाहेर येणारे मोड यांवर मात्र तसा स्पष्ट गुण दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता चोथा घ्यावा कोणता? इथे आल्यावर आपली ज्वारीची भाकरी सुटली. तिच्या जागी चाळलेल्या कणकेची पोळी आली, आणि सुटीच्या दिवशी मैद्याचे कुलचे नि शीरमाल. लखनौचा हा पाहुणचार आम्हालाही प्रिय आहे! पण निदान घरच्या कणकेतला कोंडा चाळून टाकू नये. हिवाळ्यात बाजारात ढिगांनी येणारा बथुआ म्हणजे आपला चाकवतच. सालीसकट डाळी, हरभरे, पेरू हेही हाताशी आहेत. एकादशीचा साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा राजगिरा किंवा इकडचा कुट्टू बरा.

नुसता कोंडा वरून खाल्ल्यास पुष्कळांचे पोट फुगते. त्यांना इसबगोलाचा भुसा अधिक मानवतो, कारण तो आतड्यात फारसा आंबत नाही. चहाचा एक चमचा भुसा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, वर आणखी पाणी घ्यावे आणि मात्रा हळूहळू वाढवावी. पाणी कमी पडले तर तोच घशात वा आतड्यात अडकतो. इतर औषधे दोन तास अलग ठेवावीत. गुण यायला काही आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी डबा फडताळात सारणाऱ्यांची आपल्यात वाण नाही.

दिसलेले रक्त मूळव्याधीचेच, असे घरी ठरवू नका. आतड्याच्या कर्करोगातही रक्त असेच पडू शकते. वय चाळिशीपलीकडचे असेल, वजन घटत असेल वा शौचाची सवय बदलली असेल, तर तपासणीस मुळीच विलंब नको. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे रुग्णालय याच शहरात आहे. एकटीने जाण्यास संकोचणाऱ्या भगिनीबरोबर घरातील कोणीतरी जावे.