गोड चालीच्या बाजूने



ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात नदीवर एक पूल आहे. २०१० साली तो वाहतुकीला खुला झाला. त्याचे नाव 'गो बिट्वीन ब्रिज'. आपण पुलांना पुढाऱ्यांची, संतांची, सेनापतींची नावे देतो. हा पूल एका रॉक बँडच्या नावाने ओळखला जातो, आणि ते नाव शहरातल्या लोकांच्या कौलातून ठरले. बँडचे नाव 'द गो-बिट्वीन्स'. ज्या बँडचे एकही गाणे विक्रीच्या याद्यांत कधी वरच्या पायऱ्यांवर गेले नाही, त्याचे नाव गावाने आपल्या नदीवर कोरून ठेवले. हे कसे घडले असेल, याचा विचार करता करता मी या बँडच्या १९८८ सालच्या '१६ लव्हर्स लेन' या अल्बमपाशी पुन्हा पुन्हा येतो. आजचे व्याख्यान त्या अल्बमविषयी आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. गोड चालीला आपण हलके समजतो. कानाला चटकन रुचले, ओठांवर लगेच आले, म्हणजे त्यात खोल काही नसणार, असा एक समज जाणकारांत असतो. आपल्याकडे भावगीताला तो सोसावा लागला. पाश्चात्त्य रॉक संगीतात तर कर्कश असणे म्हणजेच प्रामाणिक असणे, असे बराच काळ मानले गेले. '१६ लव्हर्स लेन' हा त्या समजाला दिलेला दहा गाण्यांचा जबाब आहे.

आता थोडी पार्श्वभूमी. 'इंडी' हा शब्द तरुण मुलांच्या तोंडी तुम्ही ऐकला असेल. त्याचा मूळ अर्थ साधा आहे: बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, छोट्या आणि स्वतंत्र कंपन्यांकडून निघणारे संगीत. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांच्या चळवळीची आठवण ज्यांना आहे, त्यांना वेगळे समजावून सांगायला नको. पैसा कमी, प्रती कमी, पण काय छापायचे हे ठरवणारा वर कोणी नाही. 'द गो-बिट्वीन्स' याच वाटेने आले.

रॉबर्ट फोर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन हे दोघे क्वीन्सलंड विद्यापीठात नाटकाच्या वर्गात भेटले. १९७७च्या अखेरीस त्यांनी हा बँड काढला, तेव्हा मॅक्लेननला एकही वाद्य वाजवता येत नव्हते. फोर्स्टरने त्याला बास गिटार शिकवली. वाजवणारा शोधून मग त्याच्याशी मैत्री करायची, हा नेहमीचा मार्ग. फोर्स्टरने आधी मित्र निवडला आणि त्याच्या हातात वाद्य नंतर दिले. या बँडची पुढची सगळी कहाणी मला त्या एका गोष्टीत दिसते.

क्वीन्सलंडमध्ये तेव्हा जो ब्येल्के-पीटरसन यांचे सरकार होते. १९६८ ते १९८७ अशी एकोणीस वर्षे ते सत्तेवर राहिले. १९७७मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या राजकीय मोर्चांवर बंदी घातली. अशा गावात गिटार हाती घेणारी बहुतेक पोरे आरडाओरडा करत होती, आणि त्यांचा राग खराच होता. या दोघांनी १९७८च्या आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला एका सिनेनटीवर गाणे केले आणि दुसऱ्या बाजूला एका ग्रंथपाल मुलीवर. त्या गाण्यातली ग्रंथपाल वाचकाला हेमिंग्वे, ब्रेख्त, जॉइस शोधून देते. वाचनालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या लाजऱ्या मुलाचे गाणे दांडगाईच्या काळात करायला एक वेगळी हिंमत लागते.

पुढे हे दोघे लंडनला गेले. ड्रमवर लिंडी मॉरिसन होती. तिथे १९८३ साली त्यांचे 'कॅटल अँड केन' हे गाणे आले. केन म्हणजे ऊस. क्वीन्सलंडच्या किनारपट्टीवर उसाची मोठी शेती आहे. सुट्टीत आगगाडीने घरी परतणारा मुलगा, खिडकीबाहेर उसाचे फड, लहानपणीच गेलेल्या वडिलांची आठवण, असे ते गाणे. मॅक्लेननने ते लंडनमध्ये निक केव्हच्या घरी, केव्हच्याच गिटारवर रचले. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला त्यातले चित्र परके वाटणार नाही.

या गाण्याचा ताल मात्र नीट ऐकण्याजोगा आहे. रॉक संगीत बहुतांशी चार मात्रांच्या घरात राहते. इथे आधी पाच मात्रा येतात, मग दोन, मग चार. हातावर मोजून पाहा: पाच, दोन, चार. अकरा मात्रांचे आवर्तन झाले. आपल्याकडे रुद्र ताल अकरा मात्रांचा आहे, त्यामुळे इथे बसलेल्या तबलजींना आकड्याचे नवल वाटणार नाही. नवल याचे की ऐकताना मोजदाद जाणवतच नाही. गाडीच्या डब्यात बसल्यावर रुळांच्या सांध्यांचा आवाज जसा थोडा अडखळत आणि तरीही एका लयीत येतो, तसे ते गाणे चालते. आठवणसुद्धा अशीच येते, सरळ चौकात न बसणारी. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या संगीतकारांच्या संस्थेने देशातली सर्वोत्तम तीस गाणी निवडली, त्यांत हे गाणे होते.

लंडनमध्ये पाचेक वर्षे काढून बँड १९८७च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात परतला आणि सिडनीत राहू लागला. लंडनमध्ये कंपन्या बदलत गेल्या, समीक्षकांनी कौतुक केले, पैसा आला नाही. एव्हाना अमांडा ब्राउन बँडमध्ये आली होती. ती व्हायोलिन वाजवे, ओबो वाजवे, गात असे. ओबो हे फुंकून वाजवायचे पाश्चात्त्य वाद्य. आपल्या सनईची ती दूरची बहीणच, कारण दोन्हींत स्वर दुहेरी पात्यातून निघतो. रॉक बँडमध्ये असे वाद्य सहसा दिसत नाही. बासवर नवा आलेला जॉन विल्स्टीड गिटारचाही उत्तम वादक होता. सिडनीच्या लख्ख उन्हात, मार्क वॉलिस या निर्मात्याबरोबर १९८८मध्ये '१६ लव्हर्स लेन' ध्वनिमुद्रित झाला.

दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत. काही मॅक्लेननने गायलेली, काही फोर्स्टरने. आपल्या भावगीताच्या परंपरेत कवी एक, संगीतकार दुसरा, गायक बऱ्याचदा तिसरा. गदिमा आणि बाबूजींची जोडी आठवा. इथे ज्याची ओळ त्याचीच चाल आणि त्याचाच गळा. तरी श्रेय मात्र नेहमी दोघांच्या नावावर.

हे दोन गळे अगदी निराळे. मॅक्लेननचा आवाज उबदार, सरळ, चालीवर भरवसा टाकणारा. फोर्स्टर अर्धे गातो, अर्धे बोलतो. कवितावाचनात एखादा कवी शब्दावर थांबून तो पुन्हा न्याहाळतो, तसा तो ओळीत थांबतो. अल्बम 'लव्ह गोज ऑन!' या मॅक्लेननच्या गाण्याने उघडतो. साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारींचा जोरदार ठेका आणि त्यावर मोकळा आवाज. तिसऱ्या गाण्याला, 'लव्ह इज अ साइन'ला, फोर्स्टर येतो आणि हवा बदलते. व्हायोलिन त्याच्या बोलण्याशेजारून चालते, त्याला आधार देते, पण त्याला गोड करत नाही. 'यू कान्ट से नो फॉरेव्हर'मध्ये लय अस्वस्थ होते. 'वॉज देअर एनिथिंग आय कुड डू?'मध्ये तेच व्हायोलिन घाईने, आर्जवाने वाजू लागते. शेवटचे 'डाइव्ह फॉर युवर मेमरी' पुन्हा सगळे शांत करते. इतकी वेगवेगळी वाद्ये, दोन स्वभाव, आणि तरी सगळे एकाच घरातले वाटते. रुखवतात निरनिराळ्या हातांचे जिन्नस असतात, पण मांडणी एका नजरेची असते, तसे.

आता एका गाण्याशी जवळून थांबू या. 'स्ट्रीट्स ऑफ युवर टाउन'. गिटार सुरू होते आणि सकाळचे ऊन खोलीत आल्यासारखे वाटते. मॅक्लेनन गातो ते गावातल्या रस्त्यांवरून फेऱ्या मारण्याविषयी. अमांडा ब्राउनचा आवाज त्याला मागून साद देतो. चाल इतकी सोपी की दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही गुणगुणू लागता. मधे विल्स्टीडची स्पॅनिश ढंगाची गिटार येते, थोडे स्वर, प्रत्येक स्वच्छ आणि गोल. उन्हाळ्याच्या सुट्टीचे गाणे म्हणून तुम्ही ते सहज घेऊन टाकाल.

आणि मग शब्द कानात उतरतात. या उजळ गावात सुऱ्यांना चकाकी आणली जात आहे. या गावातल्या कितीतरी घरांत बायका मार खात आहेत. गायक आवाज चढवत नाही, चालही बदलत नाही. ऊन तसेच आहे. तिथेच मला धसका बसतो, कारण गावे अशीच तर असतात. घरातला मार बाहेरच्या उन्हाला थांबवत नाही. शेजारी चालत जातात, ओळखीचे हसतात, दार बंद असते. हे सत्य किंचाळून सांगितले असते तर आपण ते 'निषेधाचे गाणे' म्हणून एका कप्प्यात ठेवून दिले असते. गुणगुणता येणाऱ्या चालीत घातल्यामुळे ते आपल्याच तोंडून बाहेर पडते. गाणाऱ्याला आपल्या ओठांवर काय आले आहे हे उशिरा कळते, आणि मग ते विसरता येत नाही.

श्रोतेहो, मराठी माणसाला हे कोणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे जात्यावर बसून हेच केले. ओवीची चाल ठरलेली, गोड, जात्याच्या फेऱ्याबरोबर फिरणारी. त्या चालीत सासुरवास आला, माहेरची ओढ आली, नवऱ्याचा मार आला, मेलेले मूल आले. चाल दुःखाप्रमाणे बदलली नाही. चाल होती म्हणून दुःख बोलता आले, आणि शेजारच्या घरात ऐकू गेले तरी चालले, कारण बाई तर दळण दळत होती. ब्रिस्बेनच्या दोन पोरांना ओवी माहीत असण्याचे कारण नाही. पण गोड चालीत जड गोष्ट वाहून नेण्याची ताकद असते, हे त्यांना आणि आपल्या बायांना वेगवेगळ्या वाटांनी कळले होते. म्हणून मी म्हणतो, मेलडीवर साखरेच्या पाकाचा आरोप करू नका. ती कावड आहे. कावडीतले पाणी किती जड, हे खांद्याला माहीत असते, पण कावड झुलत चालते.

मग हा अल्बम चालला का नाही? आवाज मोठे, ढोल मोठे, केस मोठे, असा तो काळ होता. या गाण्यांत रडगाणेही नव्हते आणि गर्जनाही नव्हती. 'स्ट्रीट्स ऑफ युवर टाउन' ब्रिटनमध्ये दोनदा बाजारात आणले गेले. दोन्ही वेळा ते पहिल्या पंचाहत्तरांतही शिरले नाही. एका गोष्टीचा मात्र मला आदर वाटतो: पाच अल्बम खपले नाहीत, तरी यांनी सहाव्यासाठी गळा बदलण्याचा विचार केला नाही. १९८९च्या डिसेंबरमध्ये बँड फुटला. फोर्स्टर आणि मॉरिसन पूर्वी एकत्र होते. मॅक्लेनन आणि ब्राउन तेव्हा एकत्र होते. बँडबरोबर घरेही मोडली. प्रेमाचा हा उजळ अल्बम अशा माणसांनी केला होता, हे कळल्यावर त्यातले ऊन मला अधिक खरे वाटू लागले. आपण जे टिकवू शकणार नाही, त्याची नीट नोंद करून ठेवावी, तशी ती गाणी आहेत.

२००० साली दोघे मित्र पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी आणखी तीन अल्बम केले. २००५च्या 'ओशन्स अपार्ट'ला ऑस्ट्रेलियातला मानाचा आरिया पुरस्कार मिळाला. इतक्या वर्षांनी दाद येऊ लागली होती. ६ मे २००६ रोजी मॅक्लेनन ब्रिस्बेनमधल्या आपल्या घरी झोपेतच गेला. वय ४८. फोर्स्टरने तिथेच बँड थांबवला. मित्राच्या मागे राहिलेली काही अपुरी गाणी पुरी करून त्याने २००८मध्ये आपल्या अल्बमात घेतली, आणि पुढे दोघांच्या मैत्रीवर 'ग्रँट अँड आय' हे पुस्तक लिहिले. ज्याच्या हातात आपण बास दिली, त्याची शेवटची गाणी आपल्या गळ्यातून पुरी करायची, यापेक्षा मोठी दाद एका कलावंताला दुसऱ्याकडून मिळत नाही.

म्हणून माझा निवाडा असा: १९८०च्या दशकातल्या इंग्रजी रॉक संगीतात खूप खपलेले अल्बम अनेक आहेत, पण माणसाचे घर, गाव आणि मन इतक्या कमी स्वरांत, इतक्या सुरेलपणे सांगणारा '१६ लव्हर्स लेन'सारखा अल्बम मला दुसरा माहीत नाही.

तुम्हाला एक विनंती करून थांबतो. आज घरी गेल्यावर 'स्ट्रीट्स ऑफ युवर टाउन' एकदा नुसते ऐका. उद्या शब्द समोर ठेवून पुन्हा ऐका. आणि घरात एखादी आजी असेल, तर तिला जात्यावरची एक ओवी म्हणायला सांगा. दोन्ही गाणी एका दिवशी ऐका, आणि मग गोड चाल हलकी असते का, ते तुमचे तुम्ही ठरवा.