बदली कपॅसिटरची पारख



या व्यासपीठावर संतवाङ्मय होते, अर्थकारण होते. आणि आज आम्ही आपल्यापुढे बोटाच्या पेराएवढी ॲल्युमिनियमची एक डबी घेऊन उभे आहोत. पुस्तकांत हिला धारित्र म्हणतात. लॅमिंग्टन रोडवर जाऊन धारित्र मागितलेत, तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहील. तेथे हा कपॅसिटर; आणि जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी कंडेन्सर. आम्ही कपॅसिटरच म्हणू.

साधारणपणे १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या पुष्कळ संगणकांच्या मदरबोर्डांवर हे कपॅसिटर दोनचार वर्षांतच फुगले, फुटले, गळू लागले. आतला पाणीमिश्रित द्राव सदोष होता. त्याची ॲल्युमिनियमवर क्रिया होऊन हायड्रोजन वायू साठे, आणि डबीच्या माथ्यावर त्याचसाठी कोरून ठेवलेल्या खाचा उकलत. या द्रावाची कृती चोरीची व अर्धवट होती, अशी हकीकत २००२-०३ साली छापून आली. हकीकत मोठी चविष्ट आहे. सिद्ध मात्र झालेली नाही.

आपण विचाराल, इतके जुने बोर्ड आज दुरुस्त करावयाचे कशाला? एखाद्या लहान कारखान्यात जाऊन पाहा. यंत्र चालविणारे कार्ड जुन्या संगणकात बसविलेले असते. नव्या बोर्डावर त्या कार्डास खाचच नसते, आणि नवे यंत्र घेण्याची मालकाची ऐपत नसते. बोर्ड बसला की यंत्र थांबते, आणि त्यावर काम करणाऱ्यांचा रोज बुडतो. हे सारे काही रुपयांच्या एका डबीवर येऊन ठेपते.

डबीवर ठळक दोनच आकडे असतात : १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट. घाईतला कारागीर हे दोन आकडे जुळवितो, डाख देतो, बोर्ड सुरू होतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. काही आठवड्यांनी तेच गिऱ्हाईक तोच बोर्ड घेऊन पुन्हा दारात! आकडे तर बरोबर होते. मग चुकले कोठे?

प्रोसेसरला सव्वा-दीड व्होल्टच्या आसपास दाब लागतो, पण प्रवाह लागतो पन्नास-साठ अँपिअर किंवा त्याहूनही अधिक. बारा व्होल्टचा दाब सेकंदाला लाखो वेळा चालूबंद करून हा लहान दाब तयार केला जातो, आणि प्रत्येक हिसक्याला कपॅसिटर वीज घेतो व देतो. हंडा आणि सुरई दोहोंत पाणी सारखेच मावेल. पण आग लागली असता सुरई काय कामाची? तिची मान अरुंद. कपॅसिटरच्या या मानेच्या अडथळ्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ईएसआर म्हणतात. तो डबीवर बहुधा छापलेला नसतो.

हिशेब करून पाहू. समजा, एका कपॅसिटरमधून तीन अँपिअरचा चढउतार होतो. अडथळा ०.०२ ओहम असेल तर तीनचा वर्ग नऊ, गुणिले ०.०२, म्हणजे ०.१८ वॉट उष्णता. साधा, रेडिओच्या कामाचा कपॅसिटर घातला आणि त्याचा अडथळा ०.१ ओहम निघाला, तर ०.९ वॉट. एवढ्याशा डबीत पाचपट उष्णता! आतला द्राव आटणार, यात नवल ते काय?

म्हणून जुन्या डबीवर मालिकेची जी दोन-तीन अक्षरे असतात ती आधी वाचावीत. उत्पादकाचे माहितीपत्रक काढून १०० किलोहर्ट्झला अडथळा किती आणि किती अँपिअरचा चढउतार सोसेल, हे पाहावे. नव्याचा अडथळा जुन्याच्या जवळपास असावा, सोसण्याची ताकद कमी नसावी. व्होल्ट थोडे अधिक चालतील. कमी कदापि नाही. परंतु व्होल्ट वाढले की डबी फुगीर होते. भोकांतले अंतर साडेतीन मिलिमीटर असता पाचाची डबी रेटून बसवू नये, आणि पंख्याच्या बैठकीस अडेल इतकी उंचही घेऊ नये.

हल्ली घन पॉलिमरचे कपॅसिटर मिळतात. त्यांत आटण्यासारखा द्राव नाही, आणि अडथळा सहासात मिलिओहमपर्यंत उतरतो. त्यामुळे प्रोसेसरजवळ कमी मायक्रोफॅरडचा पॉलिमरही पुष्कळदा भागवून नेतो. पण ‘जितका अडथळा कमी तितके उत्तम’ ही समजूत आम्हांस मान्य नाही. काही जुन्या बोर्डांवर दाब स्थिर राखणारे मंडल विशिष्ट अडथळा धरूनच आखलेले असते; तो फार घटला की दाब डळमळू लागतो. शिवाय अडीच व्होल्टचा पॉलिमर पाच व्होल्टच्या वाटेवर बसविणे म्हणजे फटाका बसविणे होय.

आयुष्याचेही गणित आहे. ‘१०५ अंशांवर २००० तास’ असे लिहिलेले असते. उष्णता दहा अंशांनी उतरली की आयुष्य सुमारे दुप्पट, असा ठोकताळा. पासष्ट अंशांवर सोळापट, म्हणजे ३२,००० तास. अखंड चालविल्यास साडेतीन वर्षांहून थोडे अधिक. ८५ अंशांचा माल स्वस्त पडतो, पण याच ठोकताळ्याने त्याचे आयुष्य चौथाईवर येते.

आणि नकली मालाचे काय? मोठ्या डबीत लहान डबी दडवून वर निप्पॉन केमिकॉन किंवा रुबिकॉनचे नाव चढविलेले नमुने निघालेले आहेत. तेव्हा ईएसआर मोजणारे यंत्र जवळ ठेवावे, आणि बोर्डास हात लावण्यापूर्वी नवा नगही मोजावा. रांगेतला एक फुगला असेल तर त्याचे सोबतीही बदलावेत. ते त्याच घाण्यातले असतात. काढण्यापूर्वी ऋण बाजूची पट्टी कोणीकडे होती, हे टिपून घ्यावे. बोर्डावरील छपाईचा संकेत सर्वत्र एकच नसतो. काम झाल्यावर काढलेल्या डब्या पुडीत बांधून गिऱ्हाइकास द्याव्यात, आणि पुडीवर नव्या मालिकेचे नाव व तारीख घालावी. पुढच्या खेपेस बोर्ड ज्याच्या हाती पडेल, त्याला ती उपयोगी पडते.